शेठच्या गेटवरचे एकवीस बॉटलब्रश

आमचे हे शेतकरी नव्हते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचा सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला. यांच्या वडिलांचा अमळनेरकडे लग्नाचा बँड होता, ते स्वतः पिपाणी वाजवायचे, आणि घराण्याची जमीन म्हणाल तर दारापुढचा ओटा. त्या ओट्यावर सासूबाईंची तुळससुद्धा कधी धड जगली नाही. पण सुरतेत खानदेशचा माणूस म्हटला की तो शेतकरीच, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलेलं. कुणी विचारायची तसदी घेत नसे.

आम्ही तेव्हा पांडेसऱ्याला एका खोलीत राहत होतो आणि हे जवळच्या सचिन गावात साड्या रंगवण्या-छापण्याच्या मिलमध्ये स्टीमरवर होते. छापलेलं कापड ज्या तापलेल्या पेटीतून वाफेवर फिरवतात ती पेटी म्हणजे स्टीमर. तिच्यात साडीचा रंग पक्का होतो, आणि ती उघडझाप करणाऱ्या माणसाच्या छातीचं वाटोळं होतं. हे घरी यायचे ते खोकतच. प्लेग येऊन गेल्याला दोनेक वर्षं झाली होती, शहर घासूनपुसून लख्ख झालं होतं, पण खोकल्याची धास्ती कुणाच्या मनातून गेली नव्हती. हे गल्लीत शिरले की शेजारणी पदर नाकाला लावून दारं लोटून घ्यायच्या. मला त्यांचा राग यायचा आणि भीतीही वाटायची, की उद्या आपणही असाच पदर लावू. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, औषध देतो, पण या माणसाला वाफेतून बाहेर काढा, नाहीतर औषधाचा काही उपयोग नाही. मग मी दुसरं काही मागायचंच सोडून दिलं. देवापुढे हात जोडले की एकच, माझा माणूस त्या वाफेतून बाहेर निघू दे.

देवाने ऐकलं, पण वाट भलतीच काढली.

मिलच्या शेठची मुलगी कडोदऱ्याच्या एका मिलवाल्याच्या घरी द्यायचं ठरत होतं. शेठ तिकडे जाऊन आले आणि आल्यापासून बेचैन झाले. वेवायाच्या, म्हणजे होणाऱ्या व्याह्याच्या गेटवर वीस झाडं होती आणि प्रत्येक झाडाला लाल फुलं, अगदी बाटली घासायच्या ब्रशासारखी लोंबत होती. शेठने मॅनेजरला बोलावून सांगितलं की तेच झाड आपल्या गेटवर पाहिजे, आणि एक जास्त पाहिजे. वेवाई संक्रांतीनंतर मिल पाहायला येणार, तोवर फुलं लागलेली पाहिजेत.

अशी एकवीस बॉटलब्रशची झाडं नवरात्राच्या आधी टेम्पोतून आली, कंबरेएवढी उंच. मॅनेजर स्टीमर खात्याच्या दारात उभा राहून ओरडला, "इसमें खेतीवाला कौन है?" आमच्या ह्यांनी हात वर केला. संध्याकाळी घरी येऊन मला सांगतात, "मी शेतकरी शे, आसं सांगी दिधं."

मी म्हटलं, "पिपाणीवालाना पोऱ्या, अन् माळी व्हयना! तुमले काय मालूम शे झाडेस्नं?"

"वाफ नही ना तठे," हे म्हणाले.

अट अशी होती की वेवाई येतील त्या दिवशी फुलं दिसली तर हे कायमचे माळी, नाहीतर परत स्टीमर. मॅनेजरने ती अट कापडाची ऑर्डर सांगावी तशी सांगितली. माल एकवीस नग, रंग लाल, तारीख अमुक.

मी घरी साड्यांचे धागे कापायचं काम करायचे. भरतकामाची साडी मशीनवरून उतरली की तिच्या उलट्या बाजूला शेकडो धागे लोंबत असतात. छोट्या कातरीने ते एकेक कापायचे. एक जरी धागा राहिला तरी साडी परत येते आणि वर बोलणी बसतात. आठ वर्षं ते काम केल्यावर माझ्या डोळ्यांना लोंबतं काही सहनच होत नसे. शेजारणीच्या पोराच्या चड्डीचा दोरासुद्धा मी धरून कापायचे. यांचंही तसंच. मिलमध्ये काठाबाहेर आलेलं कापड म्हणजे खोट, हे त्यांच्या हाडात भिनलेलं.

तर पहिल्या रविवारी मी डबा घेऊन गेले, आणि पाहते तो झाडांना फांदीफांदीच्या टोकाला मऊ, गुलाबीसर कोवळे कोंब आलेले. कुठे लांब, कुठे आखूड. सगळी रांग विस्कटलेली दिसत होती. हे कमरेवर हात ठेवून म्हणाले, "दख वं, दोरा निघी ऱ्हायनात." मी पिशवीतून कातर काढली. दोघांनी मिळून दुपारपर्यंत एकवीस झाडांची टोकं अशी एकसारखी केली की दोरी धरून पाहिली असती तरी फरक निघाला नसता. कापलेल्या पानांना लिंबासारखा वास येत होता. तो वास छातीला बरा वाटतो म्हणून यांनी मूठभर पानं खिशात घातली. येणाऱ्या जाणाऱ्या प्रत्येक ट्रकवाल्याने रांगेकडे पाहून मान डोलावली. मॅनेजर तर खूश होऊन म्हणाला, "फिनिशिंग अच्छा है."

मग दर रविवारी आमचं तेच. कोंब आला की कट, कोंब आला की कट. झाडं गोल, गुटगुटीत, हिरवीगार झाली. हे बाहेरच्या वाऱ्यावर राहून जरा तरतरीत दिसू लागले, खोकला अर्ध्यावर आला, एकदा तर जिन्यावर शीळ घालत आले. शेजारणींनी दारं लोटायचं थांबवलं. फक्त फूल म्हणून एक लागत नव्हतं.

डिसेंबर सरायला आला तेव्हा शेठने गाडीची काच खाली करून यांना विचारलं, "फूल क्यारे आवशे?" यांनी आकाशाकडे पाहिलं. शेतकरी असंच करतात असं त्यांनी कुठेतरी पाहिलं होतं. शेठचं समाधान झालं. माझं झालं नाही.

मी दुसऱ्या दिवशी नवसारी रस्त्यावरच्या एका नर्सरीत गेले. तिथला म्हातारा गुजराती काका मातीत हात घालून बसला होता. त्याला सगळं सांगितलं, खत किती घातलं, पाणी किती, किती प्रेमाने टोकं कापतो तेही सांगितलं. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी कुणाचा गळा कापून आले आहे. मग हळू आवाजात म्हणाला, "बेन, फूल तो डाळीने छेडे ज आवे. छेडो कापो तो फूल क्यांथी आवे?"

फूल फांदीच्या टोकालाच येतं. आम्ही तीन महिने टोकं कापत होतो.

काकाने मला त्याच्याकडचं एक मोठं झाड दाखवलं. त्याला नुकतंच एक अवेळी फूल लागलं होतं. जे लाल दिसतं त्या पाकळ्या नाहीत, म्हणाला, ते नुसते केसर आहेत, आणि प्रत्येकाच्या टोकाला हळदीचा ठिपका. फूल संपतं तिथे फांदी संपत नाही, फुलाच्या पुढे पुन्हा पानं फुटून फांदी वाढतच राहते. मागच्या वर्षीच्या फुलांच्या जागी बारीक करडे मणी फांदीला घट्ट चिकटलेले असतात. हे झाड मूळचं समुद्रापलीकडचं, याच्या कितीतरी जाती, काहींची फुलं पांढुरकी पिवळी. तो प्रेमाने सांगत होता आणि मी मनातल्या मनात रडत होते. आता कापणं थांबवलं तर फुलं कधी, मी विचारलं. होळीच्या आगेमागे, तो म्हणाला. वेवाई यायला राहिले होते वीस दिवस.

घरी येऊन यांना सांगितलं. हे भिंतीला टेकून बसले, आणि इतक्या दिवसांनी पहिल्यांदा तो जुना, खोल खोकला आला. मला वाटतं भीतीनेच आला असावा. मी भाकरी थापत राहिले. अर्ध्या भाकरीवरच मला आठवलं की मला गोंडे येतात.

माझे वडील पोळ्याला बैलांचे गोंडे करून बाजारात विकायचे. शिंगांचे, गळ्यातले, माथ्यावरचे. दोन दोरे ताणायचे, मध्ये सुताचे तुकडे आडवे ठेवायचे आणि दोऱ्यांना पीळ देत न्यायचं, म्हणजे तुकडे चहूबाजूंनी उभे राहतात. मी सात वर्षांची असल्यापासून ते काम केलं होतं. नर्सरीतलं ते फूल म्हणजे दुसरं काय होतं? बैलाच्या माथ्यावरचा गोंडाच तो, फक्त झाडाला लागलेला.

पांढरं सूत शेजारच्या लूमवाल्याकडे टाकाऊ पडलेलं मिळालं. रंगाचं काय करायचं म्हणून हे मिलच्या कलर मास्टरकडे गेले. तो फार तापट उत्तर हिंदुस्तानी माणूस, पण रंगाचं शेड म्हटलं की जीव टाकणारा. वेवायांची गोष्ट ऐकल्यावर त्याला चेव आला. त्याने स्वतः कडोदऱ्याला जाऊन वेवायांच्या गेटवरचं एक सुकलेलं फूल उचलून आणलं, त्यावरून पाच सॅम्पल काढले, त्यातला एक लाल पास केला, त्याला शेड नंबर दिला आणि सुताचा एक तुकडा शेड कार्डावर चिकटवून खाली सही केली. मिलमध्ये असं पास झालेलं शेड म्हणजे देवाची आज्ञा. पुढचा प्रत्येक लॉट त्याच्याशी जुळला पाहिजे, नाहीतर रिजेक्ट.

मग आमच्या चाळीत दोन आठवडे बायका गोंडेच वळत होत्या. पूर्वी दार लोटणाऱ्याच सगळ्या. टोकांना डिंकात कालवलेली हळद लावली. वेवाई येणार त्याच्या आदल्या दिवशी उत्तरायणाच्या पतंगांचा झाडांवर अडकलेला मांजा सोडवला आणि दिवसभर आम्ही दोघांनी फुलं बांधली. फांदीच्या अगदी टोकाला नाही, चार बोटं अलीकडे, पुढे पानं दिसतील अशी. झाल्यावर मी रस्त्यापलीकडे जाऊन पाहिलं. खरं सांगते, इतकी सुंदर रांग मी जन्मात पाहिली नव्हती. मला यांचा हात धरावासा वाटला, पण वॉचमन बघत होता.

दुसऱ्या दिवशी वेवाई आले. आम्ही दोघं गेटच्या आत, भिंतीशी उभे. गाडीतून उतरल्या उतरल्या वेवाई थबकले. शेठची छाती फुगली. वेवाई झाडाजवळ गेले, एक फूल वाकवलं, आणि सुरतेतला कुठलाही कापडवाला समोर आलेल्या कुठल्याही वस्तूला जे करतो तेच त्यांनी केलं. फूल अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून चोळलं.

"पोलिएस्टर छे," ते म्हणाले. पुन्हा चोळून धाग्याची जाडीसुद्धा सांगितली, "पंचोतेर डेनियर."

शेठचा चेहरा धुतलेल्या पांढऱ्या ताग्यासारखा झाला. मॅनेजर माझ्याकडे पाहायला लागला, मी जमिनीकडे. यांनी खोकला दाबून धरला होता, मानेच्या शिरा दिसत होत्या. आता स्टीमर, मला कळून चुकलं.

तेवढ्यात वेवाई मोठ्याने हसले. म्हणाले, माझी झाडं वरसातून दोन महिने फुलतात, बाकी दहा महिने नुसता पाला. ही तर बारे महिना! आणि रंग असा पक्का की धुवा, वाळवा. शेठजी, डोकं चालवलंत! शेठनी एक क्षण विचार केला आणि म्हणाले की हो, माझीच आयडिया. मुलीचं लग्न तिथेच गेटवर पक्कं झालं.

संध्याकाळी यांना बोलावणं आलं. शेठने स्वतःच्या हाताने घारी या सुरती मिठाईचं खोकं दिलं, पाठ थोपटली, आणि मग मॅनेजरने पुढचं सांगितलं. ही फुलं कोमेजत नाहीत, यांना पाणी लागत नाही, मग माळी कशाला? सोमवारपासून स्टीमर.

हे घारी घेऊन घरी आले. मी ऐकलं आणि ओक्साबोक्शी रडले. माझ्याच हातांनी मी यांना परत वाफेत ढकललं होतं, फुलं वाईट झाली असती तरी तेच, चांगली झाली तरी तेच. हे खोकं उघडून माझ्यापुढे ठेवत म्हणाले, "रडू नको वं. चार महिना तं बाहेर ऱ्हायनू ना." मला त्यांचा इतका राग आला की घारीचा तुकडासुद्धा तोंडात घातला नाही. चाळीतल्या पोरांनी ती खाल्ली.

सोमवारपासून पुन्हा तेच. पहिल्याच आठवड्यात खोकला होता त्याहून वाढला. फाल्गुनात एक दिवस यांच्या रुमालावर मला जे दिसलं ते मी लिहिणार नाही.

तिकडे झाडांना कुणी पाणी घालत नव्हतं आणि टोकंही कुणी कापत नव्हतं. होळीच्या चार दिवस आधी मिलमधून मला निरोप आला, गोंड्यांवर बॉयलरची काजळी बसली आहे, येऊन धुऊन जा. मी बादली आणि साबण घेऊन गेले. गेटवर पोचले तर तिथे कलर मास्टर, मॅनेजर आणि दोन वॉचमन झाडाभोवती उभे आणि भांडण जुंपलेलं.

झाडांना फुलं आली होती. खरी फुलं.

माझ्या गोंड्यांच्या मधूनमधून ती निघाली होती, एकेका झाडाला आठ-दहा, आणि त्यांच्यावर इवलेसे काळे पक्षी चोची खुपसत होते. मास्टर एका फुलाशेजारी शेड कार्ड धरून लालबुंद झाला होता. "देखो, देखो! दो टोन हल्का. यह मेरा शेड नहीं है. लॉट रिजेक्ट!" त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. खरी फुलं माझ्या गोंड्यांपेक्षा फिकट होती, कुठे लहान, कुठे मोठी, आणि जरा ऊन लागलं की आणखी उतरत होती. मॅनेजरला दुसरी चिंता होती. शेठची गाडी साडेनऊला येते, त्यांना मिसमॅच माल गेटवर चालणार नाही. काल वॉचमनकडून सगळी तोडून घेतली, आज पुन्हा आली!

माझ्या डोक्यात तेव्हा कसं आलं कोण जाणे. मी बादली खाली ठेवली आणि मॅनेजरला ठोकून दिलं, "साहेब, ही रोज येणार."

"रोज?"

"पावसातसुद्धा. वॉचमनला काय कळतं कोणतं आपलं आणि कोणतं झाडाचं? काल त्याने माझे सहा गोंडे तोडलेत, हे बघा. एक माणूस रोजचा पाहिजे, पहाटे यायचं, झाड अन् झाड तपासायचं, रिजेक्ट वेगळं काढायचं. शेतीतला माणूस पाहिजे."

शेवटचं वाक्य म्हणताना मी पदर डोक्यावर नीट घेतला. मास्टर एकदम म्हणाला, "सही बात है. चेकर तो चाहिए." आणि मॅनेजरलाही ते पटलं, कारण चेकिंग हे त्याच्या ओळखीचं खातं होतं. माळी नको होता, चेकर चालत होता. मी खाली बसून तिथेच गोंडे धुवायला लागले.

आमच्या ह्यांची नोकरी अशी पक्की झाली. हजेरीच्या रजिस्टरमध्ये त्यांच्या नावापुढे खातं लिहिलं होतं, "चेकिंग, गेट". हातात शेड कार्डाची एक प्रत. रोज उजाडता हे, झाडं वाढल्यावर शिडी घेऊन, एकवीस झाडं फिरायचे, उमललेलं खरं फूल शोधून काढायचे, नियमाप्रमाणे कार्डाशी लावून पाहायचे आणि तोडायचे; बहर नसला की गोंड्यांवरची काजळी झटकायचे. पुढच्या सगळ्या वर्षांत एकही फूल पास झालं नाही. वॉचमन नव्या माणसाला सांगायचा की हे काका नकली फुलं काढून टाकतात. उन्हात, वाऱ्यात, उघड्यावर उभं राहायचं काम. त्या वर्षीच्या दिवाळीला मी कान लावून बसले होते आणि यांनी फराळाचा अख्खा डबा न खोकता संपवला.

आता सून घरात आली आहे, शाळेत विज्ञान शिकवते. मागे एकदा रस्त्याच्या कडेला बॉटलब्रश फुललेला पाहून तिने सासऱ्यांना विचारलं, बाबा, हे झाड ओळखता? यांनी सगळं रंगवून सांगितलं. ती आधी खूप हसली, आणि मग हसायची थांबली. म्हणाली, "बाबा, खरी फुलं तोडायची आणि खोटी ठेवायची. इतकी वर्षं. तुम्हाला काहीच वाटलं नाही?"

हे विचार करायला लागले. यांना वाटलं असेलही, तोडताना हे फुलाशी काहीतरी पुटपुटायचे, ते मी ऐकलं आहे. पण त्यांना बोलू न देता मीच म्हटलं, "मला नाही वाटलं, बेटा. तुझ्या सासऱ्यांबरोबर स्टीमरवर तिघं होते. तिघांच्याही घरी दुखवट्याचा स्वयंपाक मी माझ्या हाताने नेला. आपल्या घरी अजून कुणाला आणावा लागला नाही."